दिवसा वाचलेल्या गोष्टी

आमच्या घरात दिवसा गोष्ट सांगायला बंदी होती. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं माय म्हणायची. अभ्यास चालायचा, गाणी चालायची, शेजारणींची उणीदुणी तर भर दुपारीच निघायची. पण कुणी "एक होता राजा" म्हटलं की माय चुलीपासून ओरडायची, "दिवे लागू द्या की रं!"

आमच्या घरात देव्हारा नाही, हे आधीच सांगून टाकते. आजोबांच्या काळातच तो निघाला. बापानं नवस, अंगारा, उपास यातलं काहीही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेला माणूस दिसला की तो रस्त्यात उभा राहून हसायचा. मायनंही सगळं सोडलं आणि मनापासून सोडलं. मामाची वाट तेवढी तिच्याकडून सुटली नाही. तिला एकच भाऊ. तो इस्लापूरकडच्या रानातल्या एका वाडीत राहायचा आणि उन्हाळ्यात तिला माहेरी न्यायला यायचा. आधी पायी, मग एक एसटी, मग दुसरी. त्याला यायला उशीर झाला की माय आम्हा भावंडांकडं संशयानं बघायची.

"कुनी गोष्ट सांगितली का दुपारच्याला?"

भावंडं म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ. मी त्याला दादा म्हणायची. बाप लवकर गेला आणि दादानं शाळा सोडली. आमच्या लोहा गावाहून नांदेडला काळी-पिवळी जीप चालायच्या, त्यातल्या एका जीपवर तो आधी मागं लटकून पॅसेंजर गोळा करायला लागला, नंतर स्टेअरिंगवर बसला. जीप दुसऱ्याची, चालवायचा हा. पण गावात त्याला सगळे जीपवालाच म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं.

आमच्याकडं जीप भरेपर्यंत हलत नाही. लोक सीटवर रुमाल टाकतात आणि चहाला जातात. रुमाल पडला की ती जागा त्याची. बाकीचे ड्रायव्हर दोन-चारदा हॉर्न वाजवायचे आणि रुमाल उचलून खाली टाकायचे. दादा थांबायचा. आत बसलेली माणसं घामानं भिजून शिव्या द्यायची, तरी थांबायचा.

"रुमाल हाय म्हंजी मानूस हाय. येतंय," एवढंच म्हणायचा.

बहुतेक वेळा माणूस यायचा. यायचाच नाही असंही व्हायचं. एकदा असंच कुणीतरी सीटवर दिवाळी अंक ठेवून गेलं आणि परत आलंच नाही. दादानं तो अंक काचेपुढं उभा करून ठेवला, येता-जाता मालकाला दिसावा म्हणून. दिवाळी होऊन थंडी संपत आली, अंकाचं कव्हर उन्हानं पांढरं पडलं, तेव्हा कुठं तो घरी घेऊन आला.

"बघ बरं, कुनाचं नाव-गाव हाय का आत."

मी तेव्हा आठवीत होते. नाव नव्हतं. मी मधलंच एक पान उघडलं आणि गोष्ट वाचायला लागले. दादा जेवायला बसला होता. पहिल्या परिच्छेदाला तो "हं" म्हणाला.

गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही आमच्याकडची रीत. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. दादाचे हुंकार निरनिराळे असायचे. गोष्ट चालू असली की बारीक "हं". काही वाईट होणार असं वाटलं की घास तसाच धरून लांब "हंऽऽ". आणि एखादं पात्र खोटं बोलतंय असं वाटलं की नाकातून "हूं". शाळेतल्या कुठल्याही गुरुजींना मी वाचलेलं इतकं समजत नव्हतं.

त्या गोष्टीत एक बाई नवऱ्याबरोबर एसटी स्टँडवर येते. नवरा म्हणतो, गाठोड्यापाशी बस, मी चहा घेऊन येतो. तो जातो. बस लागते, सुटते. दुसरी लागते, सुटते. बाई कुणाला काही विचारत नाही. ऊन कलतं तेव्हा ती गाठोडं सोडते, भाकरी काढते, अर्धी खाते, अर्धी परत बांधून ठेवते. गोष्ट तिथंच संपते.

दादा हातातला घास खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

"पुढं?"

"संपली."

"अशी कशी संपली? पान फाटलंय का बघ."

पान फाटलेलं नव्हतं. खाली लेखकाचं नाव होतं आणि त्याखाली कुणाच्या तरी दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात. दादानं स्वतः अंक हातात घेऊन खात्री केली. मग हात धुवायला उठला, धुऊन आला आणि म्हणाला, "येनार हाय त्यो. येनार हाय म्हनून तर अर्धी ठेवली."

माझं वाचन सुरू झालं ते असं. पुढं वर्षभर तो अंक आमच्या घरात पुरला. रोज दिवस मावळायची वाट बघणं माझ्यानं होईना, म्हणून मी पाठ्यपुस्तकात अंक ठेवून दिवसा वाचायचे. मायला अक्षरओळख नव्हती. तिला पुस्तक सगळं सारखंच, असं आम्हाला वाटायचं. ती विचारायची, "काय वाचायलीस गं?" आणि माझ्याआधी दादाच उत्तर द्यायचा, "अभ्यास करायली ती. इतिहास."

एके दिवशी माय म्हणाली, "इतिहास वाचताना कुनी असं हसत न्हाई. मी पन बघितलेत लोकं वाचताना." आणि दादाकडं वळून, "तू तिचा वकील हाईस का?"

"वकील न्हाई, डायव्हर हाय," दादा म्हणाला. मायनं हातातलं लाटणं उगारलं, पण तीही हसत होती.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. दादानंच मला नांदेडला नेऊन सोडलं, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून. होस्टेलच्या दारात माझी ट्रंक उतरवली आणि वॉचमनला म्हणाला, "ही माझी बहीण हाय. बीए करायली." माझं अजून वेळापत्रकसुद्धा लागलं नव्हतं.

कॉलेजच्या लायब्ररीत मी कथांचं कपाट शोधून काढलं. मैत्रिणी जाडजूड कादंबऱ्या नेत आणि मला हसत. "छोट्या छोट्या गोष्टी काय वाचतेस, लहान आहेस का?" मला तेव्हा उत्तर देता यायचं नाही. आता येतं. कादंबरीला निवांत माणूस लागतो. मागची माणसं लक्षात ठेवायला, उद्या पुन्हा तिथंच येऊन बसायला सवड लागते. आमच्यासारख्यांचा दिवस तुकड्यातुकड्यांत निघतो. नळाला पाणी येईपर्यंतचा तुकडा, मेसची घंटा होईपर्यंतचा तुकडा. कथा त्या तुकड्यात मावते. आणि मावून वर उरते. वाचून संपली तरी भाजी चिरताना, रांगेत उभं असताना ती आपली आतमध्ये चालूच असते.

सुट्टीत गावी जाताना मी दादाच्याच जीपनं जायचे. नांदेड सोडलं की तो म्हणायचा, "हां म्याडम, काय वाचलंय नवीन?" मी सांगायला लागायचे. भर दिवसा. मायचं भय दोघांनाही नव्हतं असं नाही. पण दादा म्हणायचा, "जीपमदी चालतंय. वाट मला पाठ हाय." मागचे पॅसेंजर आधी आपापसात बोलत असायचे. हळूहळू गप्प व्हायचे. नांदेडहून निघालेली गोष्ट लोह्याच्या आत संपवायची, असा आमचा करारच होता.

एकदा गोष्ट संपेना. एका गावात पहिल्यांदा वीज येते, आणि एका म्हातारीला आपल्या घराच्या भिंती किती काळ्या आहेत ते दिसतं, अशी ती गोष्ट. मी रंगात आले होते. लोह्याचा स्टँड समोर दिसायला लागला आणि दादानं अलीकडंच जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"काय झालं हो? पंक्चर का?" मागून एक जण.

"न्हाई. गोष्ट राह्यलीय."

"अरे बाबा, मला बँकेत जायचंय!"

"बँक कुठं पळून चाललीय?" हे दादा नाही, मागच्या सीटवरची एक म्हातारी बोलली. तिच्या मांडीवर कोंबडी होती. "भिंतीचं काय केलं तिनं, ते कळू द्या की."

मी गोष्ट संपवली. म्हातारी भिंतीला चुना लावत नाही, दिवाच मालवते. कोंबडीवाली म्हातारी "बरं केलं" म्हणाली. बँकवाला मात्र उतरताना कुरकुरला की ह्याला काय गोष्ट म्हणायची. दादा त्या दिवशी इतका खूश होता की स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यानं मला उसाचा रस पाजला.

बीए झालं, एमए झालं, परीक्षा देऊन सरकारी ऑफिसात लागले. लग्न होऊन लातूरला आले. मला मुलगी झाली. तिला बघायला दादा आणि माय लोह्याहून आले, तेव्हा दादानं तिला मांडीवर घेतलं आणि लगेच एक गोष्ट सुरू केली. दुपारची वेळ होती. मायनं त्याच्या दंडाला धरलं.

"गप बस. आता तूच मामा झालास."

आम्ही सगळे हसलो. दादाला तर हसू आवरेना. "म्हंजी मीच सांगायचं आन् मीच चुकायचं? हे बरंय तुझं!" माय हसली नाही. आयुष्यभर तिची भीती स्वतःच्या भावासाठी होती. आता ती लेकाला येऊन चिकटली. माझ्या लेकीचा मामा म्हणजे मायचाच मुलगा.

दादाला कंबरेचं दुखणं होतं. जीपवाल्यांना असतंच. तो मेडिकलमधून गोळ्या घ्यायचा आणि गाडीवर बसायचा. वर्षानुवर्षं घेतल्या. मग पाय सुजायला लागले, चेहरा सुजला. नांदेडला तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिस सांगितलं. नांदेडला नंबर लागत नव्हता, लातूरला लागला, आणि लातूरला मी होते. वहिनी आणि दादाची मुलं लोह्यालाच राहिली. दादा आणि माय माझ्याकडं आले. आठवड्यातून दोनदा, बुधवार आणि शनिवार. बुधवारी मी ऑफिसात असायची, मग माय त्याच्यापाशी बसायची. शनिवारी मी.

पहिल्या शनिवारी तिथं काय करायचं ते मला कळेना. दादाच्या हाताला दोन नळ्या, रक्त त्यातून बाहेर जाऊन मशीनमधून परत येतंय, आणि तो छताकडं बघत पडलेला. बोलायला गेलं की वहिनीचा, मुलांचा, घराचा विषय निघायचा आणि त्याचं बीपी खाली यायचं. सिस्टर रागवायच्या. दुसऱ्या शनिवारी मी लायब्ररीतून एक कथासंग्रह घेऊन गेले. पिशवीतून तो काढताना दादानं बघितला.

"दिवस हाय की गं."

"मग?"

"मामा वाट चुकतो म्हनं." आणि हसला. "वाच, वाच. मामा हितंच पडलाय, नळ्या लावून. कुठं चुकनार हाय?"

मी वाचायला लागले आणि थोड्या वेळानं त्याचा हुंकार आला. बारीक "हं". इतक्या वर्षांनी. मी पुस्तक थोडं वर धरलं, माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून.

शेजारच्या बेडवर एक चाचा असायचे. लातूरचेच, आयुष्यभर शिंपीकाम केलेले. सुरुवातीचे दोन-तीन शनिवार डोळे मिटून पडायचे. एकदा डोळे न उघडताच बोलले, "बेटी, जरा जोर से पढो ना. मेरे कू बराबर सुनाई नै देरा."

"चाचा, मराठी आहे."

"तो मैं क्या लंडन से आया? पढो."

मग मी दोन बेडच्या मधे खुर्ची घेतली. चाचांचे हुंकार वेगळे होते. ते "अच्छा" म्हणायचे, आणि एखाद्या वाक्याला "क्या बात है". काळ्या भिंतीची ती गोष्ट मी त्यांना आठवेल तशी सांगितली. ते म्हणाले, "उजाला भी एक मुसीबतच है." दादा म्हणाला, "चाचा, तुमी आमच्या जीपमदी पायजे होता." ते शनिवार बरे गेले. हॉस्पिटलला जायचं म्हटलं की दादाच मला विचारायचा, "आज कोनती घेतलीस?"

माय घरी कुरकुरायची. "दिवसाढवळ्या गोष्टी वाचता. दोघांनाबी शानपन न्हाई." मी तिला ऐकवायचे, "माय, ते रक्त मशीननं साफ होतं, मामाच्या वाटेनं नाही." शिकलेल्या माणसाचं उत्तर. मायला ते पटायचं नाही हे दिसायचं.

एका शनिवारी आम्ही गेलो तर चाचांच्या बेडवर दुसराच माणूस होता. तरुण, नवा, घाबरलेला. सिस्टर त्याची चादर सारखी करत होत्या. दादानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी पुस्तक काढलं तर तो म्हणाला, "आज राहू दे." पूर्ण वेळ तो त्या पोराच्या पायांकडं बघत होता. परतताना रिक्षात म्हणाला, "बस झालं बाई आता. लई झालं."

"काय बस झालं?"

"हे येनं-जानं."

 डायलिसिस थांबवणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला समजावून सांगितलं होतं. त्यालाही माहीत होतं.

मग मी एक युक्ती केली. पुढच्या वेळी चांगली जुगलबंदीची कथा निवडली, दोन जावांच्या भांडणाची. ती ऐन रंगात आली तेव्हा पुस्तक मिटलं. "वेळ झाली दादा. उरलेली पुढच्या शनिवारी." तो "बरं" म्हणाला. पुढच्या शनिवारी तो आला. ती संपवली, दुसरी सुरू केली, आणि तीही अर्ध्यावर मिटली. मला वाटलं, जमलं. गोष्ट अर्धी आहे तोवर माणूस येणार.

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मला लेकरू समजायलीस का?"

"काय झालं?"

"पुढच्या शनवारचं आमिष दावायलीस." आवाज चढलेला नव्हता. "बाई, माझं समदं अर्धंच हाय. घराचा सज्जा अर्धा. पोराचं शिक्षान अर्धं. पानी प्यायचं म्हनलं तर तेबी अर्धा गिलास. एक गोष्ट तेवढी पुरी व्हती. तीबी अर्धी करायलीस?"

मी पुस्तक उघडलं आणि ती कथा संपवली. मशीनची वेळ संपून गेली होती, सिस्टर नळ्या काढत होत्या, तरी संपवली.

त्या दिवसापासून मी कधी कथा अर्ध्यावर सोडली नाही. कथेबद्दल मी कॉलेजात व्याख्या पाठ केल्या होत्या, त्यावर मार्कही मिळवले होते. कथा म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर कळलं. ज्याच्यापाशी पुढचा महिना नाही, त्याच्याही हातात एक अख्खी वस्तू ठेवता येते. सुरुवात, मध्य, शेवट. एका बैठकीत. त्यानं ती हातात घेऊन फिरवून बघावी, नावं ठेवावीत, "असं कुठं असतंय का" म्हणावं. तेवढा वेळ त्याचं काही अर्धं नसतं. मला दुसरं काही देता येत नव्हतं. पगार होता, नोकरी होती, डिग्र्या होत्या, आणि द्यायला एक कथा होती.

असे बरेच शनिवार गेले. दादा वाळत चालला. हुंकार बारीक झाले, पण थांबले नाहीत.

एकदा तो म्हणाला, "ती पैली घेऊन ये. जीपमदली."

तो अंक माझ्याकडं होता. कव्हर केव्हाच गेलेलं, पानं पिवळी. मी ती स्टँडवरच्या बाईची गोष्ट वाचली. आमचं दोघांचंही पाठ होतं सगळं. बाईनं भाकरी काढली, अर्धी खाल्ली, अर्धी बांधली. मी थांबले. दादा म्हणाला, "येनार हाय त्यो."

"तुला कसं माहीत?"

"रुमाल टाकलाय की तिनं. अर्धी भाकर म्हंजी रुमालच." मग म्हणाला, "बुधवारपत्तोर मी लोह्याला जाऊन येतो. लेकरं बघून येतो."

मायला घेऊन तो गेला. बुधवारी आला नाही. मी फोन केला तर म्हणाला, "उद्या येतो." दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि एसटीनं अहमदपूरवरून लोह्याला गेले. तो अंगणात बाजेवर बसला होता. पाय सुजलेले, दम लागलेला. मला बघून हसला, चोरी पकडली गेल्यासारखा.

"चल," मी म्हणाले. "गाडी सांगितली आहे."

"न्हाई."

मी ओरडले. वहिनी दारात उभी होती, माय भिंतीशी बसली होती, शेजारचे बघत होते. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "मी शिकले ते कशासाठी मग?"

"तू शिकलीस ना," तो म्हणाला. "झालं तर."

 मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "दादा, मी रुमाल टाकून आलेय तुझ्या बेडवर."

 डोळे भरून आले त्याचे, पण हसला.

"काढ त्यो," म्हणाला. "दुसऱ्या कुनाला बसू दे."

माझ्या दादानं जन्मात कधी कुणाचा रुमाल काढला नव्हता.

मी तिथंच राहिले. डॉक्टरांशी फोनवर बोलले, लातूरहून नवऱ्याला बोलावून घेतलं, त्यानंही समजावलं. दादा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी तो गेला. विहारातले लोक आले, वंदना झाली. बायका मायभोवती बसल्या होत्या आणि मायनं सगळ्यांसमोर म्हटलं, "दिवसा वाचायची ती त्याला. मी न्हाई म्हनत व्हते."

मी तिच्यावर कधी इतकी रागावले नव्हते. "माय, वाट नाही चुकला तो," मी म्हणाले. "घरीच आला होता."  मला मात्र नंतर कितीदा वाटलं, की पुऱ्या गोष्टींची सवय मीच त्याला लावली का? मी वाचायचे आणि तो शेवट ऐकायचा, पुन्हा पुन्हा, नळ्या लावलेल्या हातानं. मग आपलाही शेवट तो कुणाला अर्धा ठेवू देणार नव्हता. ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. शिकलेल्या माणसाचंही नाही आणि मायच्या लेकीचंही नाही.

पुढं माय माझ्याकडं लातूरला राहायला आली. माझी मुलगी शाळेत, नवरा कामावर, माझ्या शनिवारच्या सुट्टीच्या दुपारी घरात आम्ही दोघीच. दोघी फार बोलायचो नाही. मी वाचणं सोडलं होतं. पुस्तक उघडलं की पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी मी थांबायचे आणि समोरून काही यायचं नाही.

एका दुपारी माय सुपात तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला वाचलीस ती वाच."

"कोणती?"

"शेवटची. जीपमदली."

"माय, दिवस आहे."

"असू दे." तिनं सूप हलवलं. "आता कुठली वाट चुकनार हाय त्यो. वाच."

मी अंक आणला. नवरा चहा आणायला जातो इथपर्यंत वाचलं आणि सवयीनं थांबले. मायनं मान वर केली, मला बघितलं, आणि म्हणाली, "हं." तिचा हुंकार मी पहिल्यांदाच ऐकत होते. खरखरीत, जरा ओशाळलेला. मी पुढं वाचलं. बस लागली, सुटली. "हं." ऊन कललं. भाकरी निघाली, अर्धी खाल्ली, अर्धी बांधली.

"संपली," मी म्हणाले.

माय "पुढं?" म्हणाली नाही. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"दादा म्हणायचा, तो येणार आहे म्हणून अर्धी ठेवली," मी म्हणाले.

"कशाचा येतोय." माय सूप हलवत राहिली. "तिला ठाव हाय त्यो येत न्हाई ते. रात काडायची हाय तिला. रातच्याला भूक लागंल म्हून ठेवली."

 बाहेर शाळेची रिक्षा वाजली. माय उठायला लागली, अर्ध्यात थांबली, आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "त्याचं काय. जीपवाला. त्याला समदेच येनार वाटायचे."